न परतलेल्या विमानांचा हिशेब

आधी एक गणित सोडवा पाहू. एका हवाई तळावरून रात्रीच्या वेळी बॉम्बफेकी विमाने मोहिमेवर जातात. दर शंभर विमानांपैकी सरासरी चार परत येत नाहीत. अशा तीस फेऱ्या पुऱ्या केल्या की विमानातल्या चमूला लढाईतून काही महिने सुटका मिळते. तर सुरुवातीच्या शंभर चमूंपैकी तीस फेऱ्या पुऱ्या करणारे किती?

एखादा घाईने म्हणेल, एका फेरीत चार, तर तीस फेऱ्यांत एकशेवीस. शंभरांतले एकशेवीस गेले! हे काही बरोबर दिसत नाही. दुसरा म्हणेल, धोका चारच टक्के ना, मग शहाण्णव तरी परत यावेत. तेही चूकच. खरे उत्तर आपण थोड्या वेळाने काढू. पण हा प्रश्न मी आपल्या मनाने रचलेला नाही बरे का. १९४३ साली इंग्लंडमधल्या हवाई तळांवर वीस-बावीस वर्षांची हजारो मुले हाच प्रश्न मनातल्या मनात सोडवीत होती, आणि उत्तरात त्यांचा स्वतःचा जीव होता.

अशा तळांपैकी एकाचे नाव स्कॅम्प्टन. पूर्व इंग्लंडात लिंकन नावाचे जुने शहर आहे. त्याच्या उत्तरेला, रोमन लोकांनी बांधलेल्या एका सरळसोट रस्त्याच्या कडेला हा तळ होता. लिंकनशायरचा हा प्रदेश बराचसा सपाट आहे आणि पलीकडे उत्तर समुद्र ओलांडला की हॉलंड व जर्मनी. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात या एका परगण्यात बॉम्बफेकी विमानांचे तळ अगदी दाटीने उभे राहिले. १९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत स्कॅम्प्टनला काँक्रीटची धावपट्टीसुद्धा नव्हती. तिथून उडणारी अवजड विमाने गवतावरून धावतच हवेत उठत.

ही विमाने लँकॅस्टर जातीची. चार इंजिने, पंखांचे टोक ते टोक अंतर ३१ मीटर, आणि आत सात माणसे: मुख्य वैमानिक, इंजिनांवर लक्ष ठेवणारा अभियंता, दिशादर्शक, बिनतारी यंत्र चालवणारा, बॉम्ब टाकणारा आणि दोन बंदूकधारी. एक विमान गेले म्हणजे सात घरी तार गेली, हे पुढचे आकडे वाचताना विसरू नका.

स्कॅम्प्टनचे नाव जगाला माहीत झाले ते १६ मे १९४३ च्या रात्रीमुळे. त्या रात्री ६१७ क्रमांकाच्या तुकडीतली १९ लँकॅस्टर विमाने जर्मनीतील रूर भागातील धरणे फोडायला निघाली. प्रमुख होता गाय गिब्सन, वय वर्षे चोवीस. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने या कामासाठी खास बॉम्ब तयार केला होता. तो उलट्या दिशेने गरगर फिरवून अगदी खालून सोडला, की तळ्यावर चपटा दगड टाकावा तसा पाण्यावरून टप्पे घेत जाई, धरणाच्या भिंतीला लागून बुडे आणि खोलवर फुटे. या बॉम्बवर पुष्कळ लिहिले गेले आहे, चित्रपटही निघाला. आपल्याला आज पाहायचे आहे ते वेगळेच. १९ विमाने गेली आणि ११ परत आली. उरलेल्या आठांचे काय झाले?

साधारणपणे बॉम्बफेकी विमाने पाच-सहा हजार मीटर उंचीवरून जात. ही मात्र जेमतेम ३० मीटर उंचीवरून, म्हणजे वडा-पिंपळाच्या शेंड्यावरून जावीत तशी गेली. कारण रडार. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल, त्यामुळे क्षितिजाखाली असलेले विमान रडारला दिसत नाही. विमान किती अंतरावरून दिसू लागेल याचा ढोबळ नियम असा: उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. (रडार जमिनीलगत आहे असे धरले आहे.) ६,००० मीटर उंचीवरचे विमान या हिशेबाने ३१८ किलोमीटरवरून नजरेत येऊ शकते. ३० मीटरवरचे विमान मात्र २२ किलोमीटर जवळ येईपर्यंत लपलेले राहते. ताशी ३५० किलोमीटर वेगाने ते अंतर कापायला चार मिनिटेही लागत नाहीत. पहिल्या प्रकारात शत्रूला पाऊण तासाहून अधिक वेळ मिळाला असता, इथे तोफेवरचा माणूस अंथरुणातून उठेपर्यंत विमान डोक्यावरून निघून जाणार.

युक्ती नामी खरी. पण निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने वसूल करतो. ताशी ३५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ९७ मीटर. चांदण्या रात्री विजेच्या तारा दोनशे मीटरवरून दिसल्या असे जरी धरले, तरी वैमानिकाच्या हातात दोनच सेकंद उरतात. एवढ्यात वीस-पंचवीस टन वजनाचे विमान वर खेचायचे! आठांपैकी दोन विमाने अशी विजेच्या तारांना व खांबांना धडकूनच कोसळली. त्यांपैकी एकाचा बॉम्ब न फुटता जर्मनांच्या हाती लागला, आणि एवढे जपलेले गुपित त्यांनी सुटे करून पाहिले.

दुसरी वसुली तोफांची. उंचावरच्या विमानापर्यंत लहान तोफांचे गोळे पोचतच नाहीत. खालून जाणारे विमान मात्र वाटेतल्या प्रत्येक लहान तोफेच्या आणि मशिनगनच्या टप्प्यात येते. एक विमान हॉलंडच्या किनाऱ्यावरच पडले. एक हॉलंडमधल्या जर्मन विमानतळाजवळ प्रकाशझोतांच्या लखलखाटात सापडले आणि पडले. एक जर्मनीतील हाम गावाजवळ पाडले गेले. म्हणजे बघा, आठांपैकी पाच विमाने धरणांपर्यंत पोचलीच नव्हती. सहावे म्योने धरणावर बॉम्ब टाकताना तोफांच्या माऱ्याने पेटले. सातव्याचा बॉम्ब एडर धरणाच्या कठड्यावरच आदळून फुटला. त्या स्फोटाची झळ विमानाला लागली असावी, कारण ते रखडत परत निघाले आणि सीमेजवळ पाडले गेले. आठव्याने सर्व कामगिरी पार पाडली, हॉलंडचा किनाराही ओलांडला, आणि आता पुढे फक्त समुद्र उरला असताना किनाऱ्यावरच्या तोफेने त्याला टिपले.

आणखी एक विमान आठांत मोजलेले नाही, पण थोडक्यात वाचले. समुद्रावरून जाताना ते इतके खाली आले की पाण्याने त्याच्या पोटाखालचा बॉम्ब ओरबाडून नेला. हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक असल्या उंचीवर फसवे ठरते. दाब किंचित बदलला तरी काट्यात दहा-वीस मीटरचा फरक पडतो, आणि इथे तर एकूण उंचीच तेवढी. म्हणून धरणावर हल्ला करताना विमानाखाली दोन दिवे तिरपे बसवले होते. त्यांचे कवडसे पाण्यावर एकमेकांना चिकटले की उंची बरोबर १८ मीटर! महागड्या यंत्रापेक्षा काटकोन त्रिकोणाची भूमिती इथे अधिक विश्वासाची ठरली.

आठ विमानांत प्रत्येकी सात, म्हणजे ५६ माणसे. त्यांपैकी ५३ मेली, तिघे कैदी झाले. म्योने आणि एडर ही धरणे फुटली. खालच्या खोऱ्यांत पुराने तेराशेच्या वर माणसे बुडाली, त्यांत सक्तमजुरीसाठी पकडून आणलेल्या परदेशी स्त्रियांची आणि पुरुषांची संख्या फार मोठी होती. त्या रात्रीचा हिशेब मांडायचा तर ही माणसेही त्यात धरली पाहिजेत.

१९ पैकी ८ म्हणजे ४२ टक्के. अशी एखादीच रात्र असेल तर ती सर्वांच्या लक्षात राहते, पुस्तकांत जाते. पण स्कॅम्प्टनसारख्या तळांवरचे बहुसंख्य वैमानिक अशा रात्री गेले नाहीत. ते गेले साध्या रात्री, शंभरांतली तीन-चार विमाने कमी झाली अशा रात्री. तेव्हा आता आपल्या सुरुवातीच्या गणिताकडे वळू.

पहिल्या फेरीनंतर शंभर चमूंपैकी ९६ उरले. दुसऱ्या फेरीला शंभर नव्हे, ९६ च गेले. त्यांचे चार टक्के गेले, उरले ९२. प्रत्येक वेळी उरलेल्यांना ०.९६ ने गुणायचे, चक्रवाढ व्याजासारखे, फक्त उलट दिशेने. दहा फेऱ्यांनंतर उरतात ६६, सतराव्या फेरीला बरोबर निम्मे, वीस फेऱ्यांनंतर ४४, आणि तीस फेऱ्यांनंतर फक्त २९. हे झाले उत्तर. शंभरांतले एकोणतीस! धोका पाच टक्के धरला तर २१ उरतात, तीन टक्के धरला तर ४०. नुसत्या एका टक्क्याचा फरक, पण तीस फेऱ्यांच्या शेवटी दर शंभरांत आठ-दहा चमूंचे आयुष्य त्यावर ठरते. म्हणून हा टक्क्याचा आकडा फार महत्त्वाचा होता.

हे पटत नसेल तर वर्गात एक प्रयोग करा. शिक्षकांनीही जरूर करून घ्यावा, संभाव्यतेचा धडा शिकवायला याहून चांगले साधन नाही. प्रत्येकाने ल्यूडोचे दोन फासे घ्यायचे आणि तीस वेळा टाकायचे. दोन्ही फाशांवर एकदम सहा आले की तुमचे विमान गेले. पेन्सिल खाली ठेवायची आणि गप्प बसायचे. दोन सहा पडण्याची शक्यता छत्तिसांत एक, म्हणजे सुमारे २.८ टक्के. क्षुल्लक वाटते. पण चाळीस मुलांचा वर्ग असेल तर तीस फेऱ्यांच्या शेवटी साधारण सतराच मुले फासे टाकत असतील. आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. जो अठ्ठावीस वेळा वाचला, त्याची एकोणतिसाव्या वेळची शक्यता पहिल्या वेळेएवढीच असते. फाशाला आठवण नसते.

आता खरे आकडे. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाने सबंध युद्धात ३,६४,५१४ फेऱ्या केल्या आणि त्यांत ८,३२५ विमाने गमावली. भागाकार करा, २.३ टक्के येतात. त्याच विभागात लढाऊ फेऱ्यांसाठी तयार झालेली माणसे सुमारे सव्वा लाख होती, आणि त्यांतली ५५,५७३ मेली. म्हणजे ४४ टक्के. २.३ आणि ४४ हे दोन आकडे एकाच गोष्टीचे आहेत. पहिला एका रात्रीचा, दुसरा सर्व रात्रींचा. (या मृतांपैकी आठ हजारांच्या वर माणसे शत्रूच्या गोळीने नव्हे तर अपघातांत गेली, पुष्कळशी तर शिकत असतानाच.)

सरासरी ही अशी चीज आहे की तिच्या पोटात पुष्कळ काही लपते. २४ जुलै १९४३ च्या रात्री हाम्बुर्गवर ७९१ विमाने गेली आणि फक्त १२ पडली, दीड टक्का. त्या रात्री विमानांतून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या कागदी पट्ट्या पहिल्यांदाच सोडल्या होत्या. पट्ट्यांची लांबी सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे तोफा रोखणाऱ्या जर्मन रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी. अशा लांबीची पट्टी रडारच्या लहरी जोरात परत फेकते, त्यामुळे पडद्यावर विमान कोणते आणि कागद कोणता हेच कळेना. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेम्बर्गला ७९५ विमाने गेली, तेव्हा चांदणे होते, रस्ता लांब आणि सरळ होता, आणि शत्रूची लढाऊ विमाने वाटेवरच घिरट्या घालत होती. ९५ विमाने परत आली नाहीत. जवळजवळ बारा टक्के.

टक्का खाली आणायचा तर विमान कशाने पडते हे कळले पाहिजे. इथून पुढचा भाग मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

लंडनच्या हेंडन भागातील हवाई दलाच्या संग्रहालयात आर-५८६८ क्रमांकाचे एक लँकॅस्टर ठेवलेले आहे. १९४२ साली ते स्कॅम्प्टनवरूनच आपल्या कामाला लागले आणि युद्ध संपेपर्यंत त्याने १३७ फेऱ्या केल्या. नाकाजवळ प्रत्येक फेरीची खूण रंगवलेली आहे. त्याच्यासमोर उभा राहणारा माणूस म्हणतो, काय भक्कम विमान आहे! तुम्ही मात्र गणित करा. धोका तीन टक्के धरला तर १३७ फेऱ्या टिकण्याची शक्यता शंभरांत दीड. लँकॅस्टर बनली एकूण ७,३७७, आणि शंभराहून अधिक फेऱ्या करणारी निघाली अवघी तीस-पस्तीस. आर-५८६८ इतरांहून भक्कम होते असे मानायला काही कारण नाही. इतक्या विमानांतून एखादे टिकायचेच, ते हे. आणि जी पडली ती संग्रहालयात येऊ शकत नाहीत, एवढाच फरक.

सकाळी परत आलेल्या विमानांची तपासणी करणाऱ्यांसमोर हाच पेच होता. विमानांवर गोळ्यांची व तोफगोळ्यांच्या कपच्यांची भोके असत. विमानाला चिलखती पत्रा लावायचा, पण वजन वाढते, म्हणून तो मोजक्याच जागी लावता येतो. कुठे लावावा? जिथे भोके जास्त तिथे, असे कोणीही म्हणेल.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अब्राहम वॉल्ड नावाचे संख्याशास्त्रज्ञ १९४३ साली याच प्रश्नावर काम करीत होते. त्यांच्या विचाराचा गाभा एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, विमानाच्या एकूण क्षेत्रफळापैकी ६० टक्के पंख, २५ टक्के धड व शेपूट, आणि १५ टक्के इंजिने आहेत. जमिनीवरून अंधारात मारा करणाऱ्याला नेमके इंजिन टिपता येत नाही. तेव्हा गोळ्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात लागाव्यात. परत आलेल्या विमानांवर पंखांवर ६० भोके सापडली, तर इंजिनांवर १५ सापडायला हवीत. सापडली फक्त ६. उरलेली ९ कुठे गेली? ती इंजिनांना लागली होतीच. पण ज्या विमानांना लागली ती समुद्राच्या तळाशी आहेत, तुमच्या तपासणीला आलीच नाहीत. म्हणजे पत्रा हवा तो जिथे भोके कमी दिसतात तिथे! पंखांवरची साठ भोके एवढेच सांगतात की पंखाला भोक पडूनही विमान घरी येऊ शकते.

वॉल्ड यांचा आणि आपल्या देशाचा एक दुःखद संबंध आहे. १९५० साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानांसाठी इकडे आले होते. १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीच्या डोंगरात एअर इंडियाचे विमान कोसळले, त्यात ते आणि त्यांच्या पत्नी मरण पावल्या.

इकडे इंग्लंडात बॉम्बफेकी विभागाच्या मुख्यालयात ऑपरेशनल रिसर्च नावाची शास्त्रज्ञांची एक शाखा होती. १९४३ साली तिथे एकोणीस वर्षांचा एक मुलगा गणिताच्या कामावर रुजू झाला. त्याचे नाव फ्रीमन डायसन, पुढे तो पदार्थविज्ञानातला मोठा शास्त्रज्ञ झाला. त्याच्याकडे आलेल्या प्रश्नांपैकी एक असा: अनुभवी चमू नवख्यांपेक्षा जास्त टिकतात का? तळावरचा प्रत्येक अधिकारी शपथेवर सांगे की टिकतात. पहिल्या पाच-सहा फेऱ्या निभावल्या, की माणूस शहाणा होतो, अंधारात कुठे बघायचे ते शिकतो, आणि मग धोका कमी होतो. नव्या मुलांना हे ऐकून धीर येई. डायसनने आकडे तपासले. युद्धाच्या आधीच्या काळात हे खरे होते. पण १९४४ पर्यंत तो फरक नाहीसा झालेला दिसला. पंचविसाव्या फेरीवरचा चमू तिसऱ्या फेरीवरच्या चमूइतकाच मरत होता. फासे टाकण्याचा आपला प्रयोग इथे शब्दशः खरा ठरत होता.

हे का व्हावे? याचा अर्थ असा, की विमाने ज्याने पडत होती त्याविरुद्ध शहाणपण चालतच नव्हते. आणि खरोखरच तसे होते. १९४३ च्या ऑगस्टपासून जर्मनांनी रात्रीच्या लढाऊ विमानांवर वरच्या बाजूला तिरप्या रोखलेल्या तोफा बसवल्या होत्या. त्यांनी त्याला नाव दिले होते श्रेगे मुझिक, शब्दशः तिरके संगीत. हे विमान लँकॅस्टरच्या बरोबर पोटाखाली येई. लँकॅस्टरचे बंदूकधारी पाठीमागे आणि वर बघत; पोटाखाली बघायला बहुतेक विमानांत खिडकीच नव्हती. शत्रू सावकाश नेम धरून पंखातल्या पेट्रोलच्या टाकीवर मारा करी. गोळ्या जाताना उजेडाची रेघ दिसू नये अशी काळजी घेतलेली असे. काही क्षणांत विमान पेटे.

अशा हल्ल्यातून परत येऊन सांगणारा जवळजवळ कोणी उरत नसे. वाचलेले चमू सकाळी जे सांगत ते मागून आलेल्या विमानांबद्दल, दिसलेल्या तोफांबद्दल, चुकवलेल्या हल्ल्यांबद्दल. म्हणजे इंजिनावरच्या न दिसलेल्या भोकांचीच ही गोष्ट. आकडे खूण करून सांगत होते की काहीतरी न दिसणारे घडते आहे, पण ते काय हे त्या शाखेलाही वेळेवर उलगडले नाही. डायसनने पुढे अनेक वर्षांनी ही गोष्ट स्वतःच लिहिली आहे. वैमानिकांत तर असा समज पसरला होता, की शत्रू घाबरवण्यासाठी विमान फुटल्यासारखा दिसणारा शोभेचा गोळा आकाशात उडवतो. तसला गोळा कधीच नव्हता. समोर जे फुटत होते ते त्यांच्याच सोबत्यांचे विमान.

शेवटी एका दाराची हकीकत सांगतो. पेटलेल्या विमानातून बाहेर पडायला लँकॅस्टरच्या नाकात, जमिनीच्या बाजूला एक झडप होती. तिची रुंदी २२ इंच. हॅलिफॅक्स या त्याच कामाच्या दुसऱ्या विमानात ती २४ इंच होती. घरात मोजपट्टी असेल तर दाराच्या चौकटीत २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर, खुणा करा. अंगावर जाड स्वेटर, त्यावर कातडी कोट आणि छातीशी पॅराशूटचे गाठोडे घेतले आहे अशी कल्पना करा. वर अंधार, आणि विमान गिरक्या घेत खाली चाललेले.

कोणत्या विमानातून किती माणसे वाचतात हे परत आलेल्या विमानांवरून कळणे शक्यच नव्हते. पण पॅराशूटने उतरून कैदी झालेल्यांची नावे रेड क्रॉसमार्फत इंग्लंडला पोचत. डायसनच्या शाखेने ती नावे आणि पडलेल्या विमानांच्या याद्या जुळवल्या. या खेपेला तरी न परतलेली विमाने बोलली. पडलेल्या हॅलिफॅक्समधून शंभरांतली सुमारे २५ माणसे वाचत होती, आणि लँकॅस्टरमधून फक्त १५. लँकॅस्टर अधिक नवे, अधिक उंच जाणारे, कमी वेळा पडणारे विमान. पण एकदा पडले, की आतल्यांना घेऊनच जाणारे.

डायसनचा एक सहकारी या झडपेच्या मागे हात धुऊन लागला. मोठी झडप बसवणे ही काही नव्या इंजिनासारखी अवघड गोष्ट नव्हती. तरी कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले, कारखान्यांना उत्पादन थांबवायचे नव्हते, आणि रोजच्या आकड्यांत झडपेचा रकाना नव्हता. अशी दोन वर्षे गेली. रुंद झडपेला शेवटी मंजुरी मिळाली तेव्हा युद्ध संपत आले होते, आणि स्कॅम्प्टनसारख्या तळांवरून निघालेली बहुतेक लँकॅस्टर शेवटपर्यंत २२ इंचांच्या झडपेनिशीच उडत राहिली.